घरातली जुनी येझदी पुन्हा चालू करायची आहे? इथून सुरुवात करा

आमच्या अण्णांची, म्हणजे वडिलांची, येझदी मोटारसायकल 1974 ची. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात 1961 पासून जावा बनत होती. 1973 मध्ये टाकीवरचं ‘जावा’ गेलं आणि ‘येझदी’ आलं, त्यानंतर वर्षभरातली ही गाडी. अण्णा पन्हाळा तालुक्यात शाळामास्तर होते, कोल्हापूरहून रोज जाऊन-येऊन करायचे. लहानपणी टाकीवर पुढे बसून, हॅण्डल मधोमध धरून मी त्यांच्याबरोबर किती वेळा गेले याची मोजदाद नाही. 2003 मध्ये त्यांचे गुडघे गेले, किक बसेना, आणि गाडी गोठ्याशेजारच्या शेडमध्ये गेली ती अठरा वर्षं तिथेच राहिली. आज ती चालते. हे काम करताना जे कळलं ते इथे क्रमाने सांगते. उदाहरणं जावा-येझदीची असली तरी राजदूत 175 किंवा आरएक्स 100 असेल तर क्रम हाच ठेवा. चार-स्ट्रोक बुलेट असेल तर इंजिनाचा आणि ऑइलचा भाग वेगळा, बाकी सगळं तेच.

पाना हातात घेण्याआधी

पहिल्या दिवशी गाडी खोलू नका. धूळ ओल्या फडक्याने पुसा, खुर्ची टाकून समोर बसा आणि एक यादी करा: या गाडीतलं काय काय मी बदलणार नाही.

ही यादी सगळ्यांत महत्त्वाची आहे असं माझं ठाम मत आहे. एकदा गाडी गॅरेजमध्ये गेली की पेंटर म्हणतो टाकी नवीन करू, मिस्त्री म्हणतो हे जुनं फेका, आणि प्रत्येकाचं म्हणणं त्याच्या जागी बरोबर असतं. सहा महिन्यांनी शोरूमसारखी चकचकीत गाडी परत येते, पण ती वडिलांची राहिलेली नसते. आमच्या टाकीच्या डाव्या अंगाला अण्णांच्या गुडघ्याने रंग घासून खालचा पत्रा दिसायला लागला होता. ते माझ्या यादीत पहिलं. दुसरं सापडलं टूलबॉक्सच्या झाकणाच्या आतल्या बाजूला. तिथे पांढऱ्या ऑइलपेंटने, फळ्यावर लिहावं तसं वळणदार अक्षर: ‘1 लि. – 40’. एक लिटर पेट्रोलला 40 मिली ऑइल; टू-स्ट्रोक इंजिनाला ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. पंपावर हिशेब चुकू नये म्हणून त्यांनी ते कधीतरी लिहून ठेवलं असणार. मी झाकण त्याच दिवशी काढलं, कापडात गुंडाळलं आणि कपाटात ठेवलं. गाडी पूर्ण होईपर्यंत ते कुणाच्या हाती दिलं नाही.

मग फोटो काढा. वायर कुठून कशी गेली, केबल हॅण्डलच्या कुठल्या बाजूने वळते, वायसर किती आणि कुठल्या क्रमाने, सगळ्याचे. शंभर फोटो म्हणजे कमी.

कागद, आणि तेही खर्चाच्या आधी

गाडी सुंदर तयार झाली आणि रस्त्यावर आणता येत नाही, अशी उदाहरणं मी पाहिली आहेत. म्हणून आरसी बुक शोधा. त्यावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी अक्षर-अक्षर ताडून पाहा. चेसिस नंबर हॅण्डलच्या हेडजवळ असतो, वर ग्रीस आणि माती बसलेली असते. रॉकेलच्या फडक्याने हळू पुसा. कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि जपून ठेवा. फ्रेम पुढे सॅण्डब्लास्टिंगला किंवा पावडर कोटिंगला देताना या नंबरावर टेप लावून द्या आणि कारागिराला तोंडाने सांगा. नंबर घासला गेला तर पुढे निस्तरणं फार अवघड आहे.

गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल आणि वडील नसतील, तर वारसाच्या नावावर करण्यासाठी फॉर्म 31 लागतो. सोबत मृत्यूचा दाखला, आणि बाकी वारसांची हरकत नसल्याचं प्रतिज्ञापत्र. कायद्याने मालकाच्या मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. बहुतेक घरांत ते राहून गेलेलं असतं. उशिराचा दंड भरून काम होतं, घाबरू नका. भावंडांच्या सह्या मात्र गाडी भंगारासारखी दिसते तेव्हाच घ्या. ती झळकायला लागल्यावर मनं बदलतात.

‘एमएच’च्या आधीची, तीन अक्षरांची जुनी सिरीज असेल तर बऱ्याचदा गाडीची नोंद ‘वाहन’ या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नसते. तेव्हा आधी आरटीओत बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुन्या कागदावरची नोंद ऑनलाइन, करून घ्यावी लागते. त्यानंतर 15 वर्षं उलटलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणाचा फॉर्म 25, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना महाराष्ट्रात एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेटही सक्तीची आहे. नूतनीकरणाच्या तपासणीला गाडी चालू स्थितीत न्यावी लागते, त्यामुळे नाव बदलणं आणि नोंद ऑनलाइन करणं आधी उरका, नूतनीकरण गाडी तयार झाल्यावर.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला 2021 च्या नियमाने व्हिंटेज नोंदणीही मिळते. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, पहिल्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण मग ती गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आमच्या गाडीची पन्नाशी उलटली तरी मी तो मार्ग घेतला नाही. मला ती शाळेच्या रस्त्याने न्यायची होती.

इंजिन फिरतं का?

वर्षानुवर्षं उभ्या गाडीला लगेच किक मारू नका. पिस्टन रिंगा सिलिंडरला गंजून चिकटलेल्या असतात. किक मारली की रिंग तुटते किंवा किकचे दाते जातात.

प्लग काढा. भोकातून दोन-तीन चमचे टूटी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल सोडा, भोक फडक्याने बंद करा आणि तीन-चार दिवस विसरून जा. मग गाडी मेन स्टॅण्डवर घेऊन चौथ्या गिअरमध्ये टाका आणि मागचं चाक हाताने अगदी थोडं पुढे-मागे हलवा. मोठ्या गिअरमध्ये चाकाकडून इंजिनावर सावकाश जोर येतो. हललं तर ठीक, नाहीतर पुन्हा ऑइल, पुन्हा चार दिवस. आमचं इंजिन अकराव्या दिवशी हललं. आवाज काहीच झाला नाही, फक्त हाताला चाक एकदम हलकं लागलं.

जावा-येझदी पहिल्यांदाच हाताळणाऱ्यांसाठी एक सांगते. हिची किक आणि गिअर एकच, डाव्या बाजूला. तीच लिव्हर आत दाबून मागे फिरवली की किक होते. गिअरची लिव्हर दाबताना क्लच आपोआपही सुटतो. ही रचना ठाऊक नसलेला मिस्त्री क्लचचं सेटिंग चुकवतो आणि मग ‘क्लच प्लेट गेल्या’ म्हणून सांगतो. त्यामुळे मिस्त्री निवडताना एकच प्रश्न विचारा: शेवटची जावा कधी खोलली होती? उत्तर देताना ज्याचा चेहरा खुलतो त्याच्याकडे गाडी द्या. असे मिस्त्री आता साठीच्या पुढचे आहेत. त्यांच्या शेजारी स्टूल टाकून बसायची परवानगी मागा, ते नाही म्हणत नाहीत.

खोलताना

प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीत चिठ्ठी. ‘पुढचं चाक, डावी बाजू’ इतकं स्पष्ट. गंजलेल्या नटाला आदल्या रात्री गंज सोडवणारं ऑइल मारून ठेवा. स्क्रूचं डोकं झिजत असेल तर हट्ट न करता इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. केसिंग ॲल्युमिनियमची आहे, आटे गेले की खर्च वाढतो.

माझी एक चूक तुम्ही करू नका. मी सगळे नटबोल्ट आणि ॲक्सल एका डब्यात घालून प्लेटिंगला दिले, न मोजता. परत आले तेव्हा मागच्या ॲक्सलचा लांब नट नव्हता. कारागीर म्हणाला एवढेच होते, आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. तसा नट मिळायला चार महिने गेले, तोवर तयार गाडी स्टॅण्डवर उभी. आता मी प्रत्येक वस्तू चादरीवर मांडून फोटो काढते, आकडा लिहिते आणि देताना त्या कागदावर सही घेते.

बदललेला जुना भाग फेकू नका. भंगार वाटणाऱ्या कार्बोरेटरची बॉडी किंवा टाकीचं मूळ झाकण आज बाजारात तशा दर्जाचं मिळत नाही.

इंजिनाचं काम

इथे पैसे वाचवू नका.

‘हाफ इंजिन’ म्हणजे हेड, सिलिंडर, पिस्टन. ‘फुल’ म्हणजे क्रँक आणि गिअरबॉक्सही. दहा-पंधरा वर्षं उभ्या टू-स्ट्रोकला फुलच करा, कारण खरा रोग ऑइल सीलांमध्ये असतो. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं आणि तिथून दाबाने वर जातं. त्यामुळे क्रँकच्या दोन्ही बाजू हवाबंद हव्यात. उभं राहून सीलचं रबर वाळतं. क्लचकडचं सील गेलं तर इंजिन गिअरबॉक्समधलं ऑइल ओढतं. पांढरा दाट धूर थांबत नाही आणि ऑइल कमी होत राहतं. डायनॅमोकडचं गेलं तर बाहेरची हवा आत येते, मिश्रण पातळ होतं, इंजिन आपोआप रेस होतं आणि एक दिवस चालत्या गाडीत पिस्टन जाम होतो. धूर दिसतो म्हणून पहिल्यावर इलाज होतो. दुसरा दिसत नाही आणि तोच घातक. दोन्ही सीलं एकदमच बदला.

सिलिंडरला लेथवाल्याकडे मोजून घ्या. मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, 65 मिलिमीटर. झिजला असेल तर 0.25, 0.50 असं वाढवत ओव्हरसाइज पिस्टन बसतो. आधी पिस्टन हातात घ्या आणि मगच त्या पिस्टनच्या मापाने बोअर करून घ्या, उलट नको. कोल्हापूरकरांचं नशीब की शिवाजी उद्यमनगर गावातच आहे. ऑइल इंजिनांच्या काळापासून मशीनवर हात बसलेली माणसं तिथे आहेत. मी ज्यांच्याकडे गेले त्यांनी सिलिंडरमध्ये बोट फिरवून ‘एक्झॉस्टकडे जास्त खाल्लंय’ म्हणून सांगितलं, आणि बोअर गेज लावल्यावर तेच निघालं.

पिस्टन बसवताना डोक्यावरचा बाण एक्झॉस्टकडे, म्हणजे पुढे. रिंगांची तोंडं पिस्टनवरच्या पिनांवरच यायला हवीत, नाहीतर पोर्टमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांत, अडकून तुटतात. बोअरनंतर पोर्टच्या कडा हलक्या हाताने मारून घेतल्या आहेत ना, हे बोटाने तपासा. क्रँकला कनेक्टिंग रॉडमध्ये वर-खाली ढिलाई असेल तर रॉड किट घालून क्रँक सेट करावा लागतो. तो घरी करायचा प्रकार नाही.

क्लचमध्ये कॉर्कच्या प्लेट असतात. त्या वाळून एकमेकींना चिकटलेल्या असतात. तुकडे पडत नसतील तर रात्रभर ऑइलमध्ये भिजवून वापरता येतात.

आयडियल जावा 1996 ला बंद पडली, त्यामुळे कंपनीचे मूळ भाग म्हणजे जुन्या दुकानदारांकडे उरलेला साठा. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ला, आणि तालुक्याच्या गावातलं एखादं चाळीस वर्षं जुनं स्पेअर पार्टचं दुकान. शेवटचा पर्याय बहुतेक लोक विसरतात. 2018 ला जावा आणि 2022 ला येझदी नाव परत आलं, पण त्या चार-स्ट्रोक गाड्या आहेत. त्यांचं इंजिनातलं काही जुन्या गाडीला चालत नाही.

टाकी, पेट्रोल आणि कार्बोरेटर

टाकीत टॉर्च मारून पाहा. आत लाल पापुद्रे असतील तर पेट्रोलचा कॉक काढून भोक बंद करा, टाकी पांढऱ्या व्हिनेगरने गच्च भरा, दोन-तीन दिवस ठेवा. रिकामी करून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, उन्हात कडक वाळवा आणि लगेच आतून टूटी ऑइल फिरवा. उशीर केला तर तासाभरात पुन्हा गंज धरतो. व्हिनेगर रंगावर सांडू देऊ नका. गुडघ्याच्या त्या खुणेभोवती मी मेण लावून प्लास्टिक गुंडाळलं होतं.

आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही आणि ते हवेतलं पाणी ओढतं. पेट्रोलची नळी, कॉकचं वायसर, कार्बोरेटरचे गॅस्केट सगळं इथेनॉलला टिकणारं घाला. गाडी तीन-चार आठवडे उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करा. या पेट्रोलने मिश्रण थोडं पातळही होतं. खात्री प्लग देतो: चार-पाच किलोमीटर चालवून प्लग काढा. चहाच्या रंगाचा असेल तर उत्तम, पांढराफटक असेल तर मेन जेट (कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक तोटी) एक नंबर मोठा घाला, काळा ओलसर असेल तर छोटा. पांढऱ्या प्लगवर गाडी चालवत राहू नका.

सायलेन्सर दोन्ही कार्बनने भरलेले असतात. आतलं बफल काढून वायर ब्रशने साफ करा. कॉस्टिक सोड्यात भिजवायची जुनी पद्धत चालते, पण हातमोजे आणि चष्मा घालूनच. आधी पाणी घ्या आणि त्यात सोडा थोडा-थोडा घाला, सोड्यावर पाणी कधीच ओतू नका. ॲल्युमिनियमचा कुठलाही भाग त्यात गेला तर तो खाऊन टाकतो.

वायरिंग आणि ब्रेक

कापडी वेटोळ्याचं जुनं वायरिंग हाताळलं की तडकतं. पूर्ण हार्नेस नवीन करा, रंग तेच ठेवा. डायनॅमोचे कार्बन बदला, पॉइंटची फट 0.4 मिलिमीटर, कंडेन्सर नवीन, प्लगची फट 0.6. ठिणगीचं टायमिंग प्लगच्या भोकातून डायल गेज लावून घ्या, आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला. सहा व्होल्टचं बारा करावं का, हे सगळे विचारतात. रोज रात्री चालवणार असाल तर करा. मी सहाच ठेवलं. हेडलाइटमध्ये खोचायची ती खिळ्यासारखी किल्ली, आत दाबल्यावर लागणारा लाल दिवा, तो मला तसाच हवा होता.

ब्रेकची धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. शू नवीन लायनर मारून घ्या. टायरला नक्षी कितीही असो, बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. हे आकडे नसलेला किंवा दहा वर्षांवरचा टायर काढा. ट्यूब आणि रिमची पट्टी त्याबरोबरच.

रंग सगळ्यांत शेवटी

इंजिन तयार झालं की आधी बिनरंगाची गाडी जोडून शंभर किलोमीटर चालवा. गळती, खडखड, जे निघायचं ते तेव्हा निघू दे. मगच रंगाला द्या, नाहीतर नव्या रंगावर पाने लागतात. क्रोम करताना ‘तांबं, निकेल, क्रोम तिन्ही थर’ असं बोलून घ्या. टाकीवरची रेघ स्टिकरने नको. हाताने लायनिंग मारणारा पेंटर अजून शोधला तर सापडतो. आमच्याकडे टाकीचा उजवा भाग आणि मडगार्ड रंगवले, डावी बाजू फक्त मेण लावून पॉलिश केली. पेंटरने तीनदा विचारलं, ‘ताई, ही बाजू राहिली की.’ राहू दे म्हटलं.

पहिले 500 किलोमीटर

नव्या बोअरला लिटरमागे 50 मिली ऑइल. पेट्रोल भरण्याआधी ऑइल मापून थोड्या पेट्रोलात हलवून घ्या. 500 नंतर 40 वर या. एका वेगाने लांब पल्ला नको. चढवा, उतरवा, मधे थांबून इंजिन गार होऊ द्या. पहिल्या गरम-गार फेरीनंतर हेडचे नट इंजिन पूर्ण थंड असताना तिरक्या क्रमाने पुन्हा आवळा.

आणि कोकणात उतरणार असाल तर हे ध्यानात ठेवा. या इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. आंबा घाट किंवा करूळ घाट उतरताना थ्रॉटल बंद करून गाडी गिअरवर सोडली, तर इंजिन वेगाने फिरत असतं आणि ऑइल जवळजवळ बंद. दर थोड्या वेळाने क्लच दाबून हलकीशी रेस द्या. अण्णा उतारावर मधेच ‘ढर्र’ करायचे, ते मला लहानपणी मजेसाठी वाटायचं.

टूलबॉक्सचं झाकण आता परत जागेवर आहे. त्यांच्या ओळीखाली मी त्याच पांढऱ्या ऑइलपेंटने पिस्टनचं माप, मेन जेटचा नंबर आणि सीलं बदलल्याची तारीख लिहिली आहे. तुम्हीही लिहून ठेवा; पुढच्या वेळी गाडी जो खोलेल त्याला शोधत बसावं लागणार नाही.